ऑगस्टमध्ये भाड्याच्या शिडाच्या नौकेने अस्तिपालियाला जावे का?

तुम्ही विचारलेले थोडक्यात असे आहे. तुम्ही सहा जण आहात, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तुमच्यापैकी दोघांनी मुंबई बंदरात आणि मांडव्यापर्यंत आठ-दहा हंगाम शिडाच्या नौका चालवल्या आहेत आणि दोघांकडेही परवाने आहेत. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी अथेन्सजवळच्या आलिमोस मरिनातून चाळीस फुटी नौका सात दिवसांसाठी भाड्याने घ्यायची, एजियन समुद्र ओलांडून ग्रीसच्याच अस्तिपालिया बेटावर जायचे आणि पुढच्या शनिवारी नौका परत करायची, असा बेत आहे. हे जमेल का, हातातले परवाने पुरतील का आणि सोबत पगारी स्किपर, म्हणजे नौका चालवणारा कप्तान, घ्यावा का, असे तीन प्रश्न तुम्ही मांडले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. बेटाच्या निवडीला माझी मुळीच हरकत नाही. एजियनमध्ये चौदा हंगाम काढल्यावरही जिथे पुन्हा जावेसे वाटते अशा मोजक्या ठिकाणांत अस्तिपालियाचा क्रम माझ्या लेखी वरचा आहे. हरकत आहे ती निघण्याच्या बंदराला, महिन्याला आणि दिवसांच्या संख्येला. या तीन गोष्टी बदलल्या तर तुमचा बेत धाडसाचा राहणार नाही, नुसता कष्टाचा उरेल, आणि कष्टांची तयारी तुमच्या मजकुरात दिसते.

आधी बेट कुठे आहे ते पाहू. नकाशावर अस्तिपालिया फुलपाखरासारखे दिसते: दोन डोंगराळ पंख आणि त्यांना जोडणारी, सव्वाशे मीटरच्या आसपास रुंदीची जमिनीची चिंचोळी पट्टी. क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे कमी आणि कायमची वस्ती सुमारे तेराशे. कारभाराच्या दृष्टीने ते डोडेकनीज बेटांत मोडते. १९१२ मध्ये इटलीने घेतलेली ही बेटे १९४७च्या तहाने ग्रीसकडे आली. गावाची पांढरी घरे मात्र पश्चिमेकडच्या सायक्लेडीज बेटांसारखी आहेत, आणि टेकडीच्या माथ्यावर क्वेरिनी या व्हेनिशियन घराण्याचा किल्ला आहे. पश्चिमेला अमोर्गोस, पूर्वेला कोस, आणि मध्ये उघडा समुद्र. कोणत्याही बाजूने आलात तरी शेवटचे पंचवीस-तीस मैल आडोशाशिवाय काढावे लागतात. बेट दुर्गम म्हणतात ते या शेवटच्या टप्प्यामुळे. एरवी तिथे विमानतळ आहे आणि पिरेयसहून मोठी फेरीही येते.

आता हिशेब. आलिमोसहून अस्तिपालियाचे अंतर सरळ रेषेत सुमारे १५० सागरी मैल आहे. चाळीस फुटी नौका अनुकूल वाऱ्यात साडेपाच-सहा नॉटने (ताशी तितकेच सागरी मैल) चालते, म्हणजे न थांबता गेलात तरी एक दिवस आणि एक रात्र. मुलगी सोबत असताना तुम्ही रात्री चालवणार नाही, म्हणून तीन मुक्काम धरा. चार्टरचा, म्हणजे भाड्याचा, आठवडा कागदावर सात दिवसांचा असतो. प्रत्यक्षात शनिवारी दुपारी उशिरा नौका ताब्यात मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती मूळ बंदरात परत आणावी लागते, कारण शनिवारी सकाळी तपासणी होऊन दुपारी पुढचे गिऱ्हाईक येते. हाताशी राहिले सहा दिवस. चार जाण्यात गेले, दोन उरले, आणि त्या दोन दिवसांत तेवढेच अंतर उलट कापायचे आहे, तेही वाऱ्याविरुद्ध.

हा वारा म्हणजे मेल्तेमी. प्राचीन ग्रीक त्याला एतेसियन, म्हणजे दरवर्षी येणारा, म्हणत. जुलै आणि ऑगस्टमध्ये तो जोरात असतो, पण मे अखेरीस डोकावतो आणि सप्टेंबरातही येऊन जातो. उत्तर एजियनमध्ये तो ईशान्येकडून, सायक्लेडीजमध्ये उत्तरेकडून आणि डोडेकनीजमध्ये वायव्येकडून वाहतो. एकदा सुरू झाला की तीन दिवसांत थांबतो किंवा दहा दिवस चालतो. ढग नाही, पाऊस नाही. लखलखीत निळ्या आकाशाखाली वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापाने ५-६, आणि बेटांमधल्या खिंडींत ७-८. पाच म्हणजे १७ ते २१ नॉट, सात म्हणजे २८ ते ३३.

या वाऱ्याचे आणि आपल्या मोसमी पावसाचे नाते आहे, आणि तुमच्या बाबतीत ते नुसते कुतूहलाचे नाही. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानावर तापलेल्या हवेचा कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याचीच एक शेपटी इराण-इराकवरून पश्चिमेकडे थेट अनातोलियापर्यंत पसरते. त्याच सुमारास बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधोमध एजियन सापडतो आणि हवा उत्तरेकडून त्यात लोटली जाते. म्हणजे जी व्यवस्था कोकणात नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस आणते, तिचेच दुसरे टोक एजियनमध्ये मेल्तेमी होऊन वाहते. आता आपण पश्चिम किनाऱ्यावर त्या महिन्यांत काय करतो ते आठवा. जूनच्या आरंभापासून जुलैअखेर मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी दर्यात जात नाहीत, आणि मुंबईच्या हौशी नौकाही ऑक्टोबरपर्यंत पाण्याबाहेर असतात. तुमचे आठ-दहा हंगाम म्हणजे ऑक्टोबर ते मे. सकाळी मंद मतलई वारा, दुपारी दहा-पंधरा नॉटचा खारा वारा आणि संध्याकाळी घर. ज्या काळात आपण नौका बांधून ठेवतो त्याच काळात तिथला चार्टरचा धंदा ऐन भरात असतो. तुमच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण तुमचा अनुभव ज्या वाऱ्यात तयार झाला तो हा नव्हे.

लाटांचेही तसेच आहे. आपल्याकडे खुल्या समुद्रातून येणारी लाट लांब असते. नौका तिच्यावर चढते आणि उतरते. एजियनमध्ये बेटांमुळे वाऱ्याला मोकळे मैदान कमी मिळते, म्हणून लाट आखूड आणि उभी होते. दोन मीटरच्या लाटेत नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, आपटते, पुढच्या लाटेआधी सावरायला वेळ मिळत नाही आणि वेग निम्म्यावर येतो.

नवख्या स्किपरला फसवते ती जातानाची वाट. समजा खरा वारा २५ नॉट आहे. वारा पाठीमागे घेऊन तुम्ही सहा नॉटने चालला आहात, तेव्हा अंगावर लागणारा वारा १९ नॉटचाच असतो. ऊन छान असते, मुले पुढे जाऊन बसतात, कोणीतरी चहा करते आणि सगळ्यांना वाटते की या मेल्तेमीचा उगाच बाऊ केला जातो. तीच नौका वळवून वाऱ्याकडे आणली की वेगाची बेरीज होते आणि तोच वारा अंगावर ३० नॉटचा होतो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा १९ आणि ३० यांतला फरक दीडपट दिसला तरी दोर, शिडे आणि माणसे यांच्यावर येणारा भार अडीच पट असतो. शिवाय वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. नागमोडी जावे लागते, आणि अशा समुद्रात भाड्याच्या फिरत्या नौकेला अपेक्षित दिशेने ताशी तीन मैल पदरात पडले तर पुष्कळ. चाळीस मैलांना तेरा तास. अस्तिपालियाहून अथेन्स वायव्येला आहे, म्हणजे परतीचा पहिला अर्धा भाग नेमका वाऱ्याच्या तोंडावर येतो.

अथेन्सकरांना हे नवे नव्हते. इसवी सन पूर्व चौथ्या शतकात डेमोस्थेनीसने मॅसिडोनच्या फिलिपविरुद्ध पहिले भाषण केले, तेव्हा त्याने हेच दाखवून दिले होते की फिलिप आपल्या मोहिमा एतेसियन वाऱ्यांचा किंवा हिवाळ्याचा काळ पाहून आखतो, कारण त्या वेळी अथेन्सचे आरमार उत्तरेकडे पोहोचू शकत नाही. त्यांच्या नौकांना वल्हीही होती.

माझा स्वतःचा धडा सांगतो. पाचव्या की सहाव्या हंगामात, जुलैच्या शेवटी, सायक्लेडीजमधल्या पारोसहून निघून मी चार पाहुण्यांना अस्तिपालियाला नेले. जाताना पाठीवर वारा, अडीच दिवसांत पोहोचलो. परतीसाठी दोन दिवस राखले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. मेल्तेमी सहा दिवस वाहिला. बंदर पोलिसांनी लहान नौकांना निघायला मनाई केली. ग्रीक भाषेत त्या मनाईला ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात आणि बंदरातल्या कॅफेत तो शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मनाई नसती तरी मी निघालो नसतो, कारण सहाच्या वर वारा असताना बंदर सोडू नये अशी अट बहुतेक करारांत असते आणि ती मोडली तर विम्याचा भरवसा राहत नाही. पाहुणे विमानाने अथेन्सला गेले, मी नौकेवर थांबलो, आणि नौका चार दिवस उशिरा पोहोचल्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकांचा अर्धा आठवडा बुडाला. अनामत रक्कम गेली. चूक सर्वस्वी माझीच होती; हवामानाच्या अंदाजात पाच दिवसांपुढचा वारा दिसत होता आणि मी तो पाहिला होता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की अथेन्स सोडा आणि कोसहून निघा. मुंबईहून अथेन्सला उतरून पुढे कोसला विमान मिळते. कोसच्या मरिनात चार्टरच्या नौका भरपूर असतात आणि तिथून अस्तिपालिया पश्चिम-नैर्ऋत्येला, पन्नास मैलांच्या आत येते. वारा वायव्येचा असेल तर परतीच्या मोठ्या टप्प्यावर तो मागच्या बाजूने मिळतो. कष्ट आधी, सुख नंतर. दमलेल्या माणसांना आणि शुक्रवारच्या मुदतीला हाच क्रम मानवतो.

कोसहूनही थेट पश्चिमेला जाऊ नका. आधी उत्तरेकडे, बेटांच्या आडोशाने, सकाळच्या लहान टप्प्यांनी वर चढून घ्या. पहिल्या दिवशी कालिम्नोसच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाथी या अरुंद, खडकांत शिरलेल्या खाडीपर्यंत जा, तेरा-चौदा मैल. तिथे बांधायला जागा थोडी असते, म्हणून दुपारच्या आत पोहोचा. दुसऱ्या दिवशी लेरोसच्या लाक्कीला जा. ते मोठे नैसर्गिक बंदर आहे आणि इटालियनांनी तिथे नाविक तळ उभारला होता; त्या काळातल्या गोलाकार, सरकारी थाटाच्या इमारती आजही रस्त्याच्या कडेला आहेत. तिसरा टप्पा लेविथा, वीस-एकवीस मैल, वारा पुढच्या बाजूने तिरका. हा तुमचा परीक्षेचा दिवस. सकाळी सहाला नांगर उचला, मुख्य शिडाला निघण्याआधीच दोन रीफ घाला, म्हणजे ते दोन टप्प्यांनी लहान करा, आणि बाराच्या आत पोहोचा, कारण मेल्तेमी दुपारी चढतो.

लेविथावर जवळजवळ कोणी राहत नाही. एक कुटुंब आहे, त्यांच्या शेळ्या आहेत, दक्षिणेच्या बंदिस्त खाडीत त्यांनी नौकांसाठी बोये टाकले आहेत आणि टेकडीवरच्या घरी ते संध्याकाळी जेवू घालतात. वारा वरून सुसाटत जातो आणि खाली पाणी स्थिर असते. तुमच्या मुलीला अस्तिपालियाच्या किल्ल्यापेक्षा हे बेट जास्त आठवेल असा माझा अंदाज आहे. इथे एक दिवस राखीव ठेवा. पुढचा टप्पा उघड्या समुद्राचा आहे आणि तो वाऱ्याच्या मर्जीनेच करायचा.

लेविथाहून अस्तिपालिया दक्षिणेला आहे, पूर्वेच्या पंखाला वळसा धरून तीस मैलांच्या आसपास. वारा उजव्या अंगाने मागून येतो आणि नौका पळते. उत्तर किनाऱ्यावर वाथी नावाचाच एक जवळजवळ बंदिस्त जलाशय नकाशावर मोहक दिसेल. आत शिरल्यावर तो खरोखर तळ्यासारखा आहे, पण त्याचे तोंड अरुंद आहे, किनारा वाऱ्याच्या दिशेला उघडा आहे, आणि मेल्तेमीत त्या तोंडाशी जाऊन विचार बदलला तर परतायला जागा नसते. वारा चारच्या वर असेल तर पूर्व टोकाला वळसा घालून दक्षिण बाजूच्या माल्तेझानाला जा. पंखाच्या आडोशाला गेलात की लाट पडते, मात्र वारा पडत नाही. उलट डोंगर ओलांडून खाली कोसळणारे झोत समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा तीव्र असतात. आडोशाला आलो म्हणून शिडे पुन्हा पूर्ण उघडण्याची चूक इथे होते. पाण्यावर पांढरी, पळती धूळ दिसली की झोत येतो आहे असे समजावे.

माल्तेझाना हे नाव माल्टाच्या चाच्यांवरून आल्याचे सांगतात. १८२७ साली फ्रेंच नौदलाचा अधिकारी बिसोँ चाच्यांच्या हाती पडण्याऐवजी आपले जहाज दारूगोळ्यासह उडवून मेला, तोही याच बेटाच्या किनाऱ्याजवळ. आज तिथे एक धक्का, काही खानावळी आणि राशींची चित्रे असलेली रोमन स्नानगृहाची मोझेक फरशी आहे.

आता नांगराविषयी, कारण अस्तिपालियात माणसे वाऱ्याने जेवढी हैराण होतात तेवढीच नांगराने होतात. मुंबईत आपण चिखलात नांगर टाकतो. चिखल धरतो, आणि तळ दिसत नसल्यामुळे तो पाहण्याची सवयही लागत नाही. भरती-ओहोटीचा चार-पाच मीटरचा फरक मनात धरून साखळी सोडतो. एजियनमध्ये भरती-ओहोटी नगण्य, पाणी काचेसारखे, आणि तळाला वाळूचे फिकट तुकडे व पोसिडोनिया गवताचे काळपट पट्टे. नांगर फिकट तुकड्यावरच पडला पाहिजे. खोलीच्या किमान पाच पट साखळी सोडा, इंजिन मागे घेऊन हळूहळू ताण द्या आणि मग डोळ्यांवर मुखवटा चढवून पोहत जाऊन नांगर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे शेवटचे काम लाजेखातर टाळू नका. मुरलेले स्किपरही ते करतात.

मी एकदा ते टाळले होते. संध्याकाळ झाली होती, पाहुणे भुकेले होते, आणि इंजिनाचा ताण दिल्यावर नौका हलली नव्हती. रात्री अडीचच्या सुमारास केबिनमध्ये जाग आली ती आवाजाने: रिकामे पिंप खडीवरून ओढावे तशी घरघर नौकेच्या सांगाड्यातून उशीपर्यंत येत होती. ती तळावरून फरफटणारी साखळी. वर आलो तेव्हा शेजारच्या नौकेचा दिवा जिथे असायला हवा त्याच्या विरुद्ध बाजूला होता. इंजिन सुरू करून नांगर उचलला, तर त्याच्या फाळाला गवताच्या मुळ्यांचा, भिजलेल्या काथ्याच्या गादीसारखा गोळा अडकला होता. नांगर वाळूत रुतलाच नव्हता, त्या गादीत अडकून बसला होता. गोळा बोटहूकने सोडवायला वीस मिनिटे गेली आणि तेवढा वेळ एक जण सुकाणूवर नौका वाऱ्याकडे धरून होता. त्यानंतर जोराच्या वाऱ्यात रात्री नांगरावर आळीपाळीने जागरण हा माझ्या नौकेवरचा नियम झाला.

गावाखालच्या स्काला बंदरात धक्क्याला पाठ लावून बांधता येते: नाळेकडून नांगर टाकायचा आणि मागे येऊन दोन दोर धक्क्यावर द्यायचे. मुंबईत ही पद्धत तुम्ही वापरली नसेल, म्हणून पहिल्या दिवशी कोसच्या मरिनात रिकाम्या जागेत तिचा सराव करा. बाजूने झोत येत असताना दोन महागड्या नौकांच्या मधल्या फटीत ती शिकू नये. तिथून किल्ल्यापर्यंत चढ आहे, वाटेत रांगेने पवनचक्क्या आहेत, आणि वरून बेटाचे दोन्ही पंख एकदम दिसतात. गावात केशर घातलेली पिवळी बिस्किटे मिळतात. ती आवर्जून घ्या. नौकेवर कशाचीच चव लागत नाही तेव्हा तीच पोटात टिकतात.

परतीला माल्तेझानाहून कोसच्या पश्चिम टोकाजवळच्या केफालोसच्या उपसागरात या. तीसएक मैल, वारा मागच्या अंगाने. दुसऱ्या दिवशी कोसच्या दक्षिण किनाऱ्याने मरिना गाठा. शेवटच्या काही मैलांत पूर्वेचे भूशिर ओलांडल्यावर वारा पुन्हा समोर येतो आणि तुर्कस्तानचा किनारा हाकेच्या अंतरावर असतो. हद्द ओलांडू नका. एकूण प्रवास १३०-१३५ मैलांचा होतो आणि टप्पे सहा. याला सात दिवस पुरतात असे कागदावर दिसते. पण त्यात राखीव दिवस एकही नाही. दहा दिवसांखाली मी हा मार्ग कोणाला सुचवत नाही; दोन आठवडे मिळाले तर उत्तम.

महिना. ऑगस्टचा दुसरा आठवडा दोन कारणांनी वाईट आहे. मेल्तेमी भरात असतो, आणि १५ ऑगस्टला मरियमचा मोठा उत्सव असतो, तेव्हा बेटाची वस्ती कितीतरी पटीने फुगते आणि धक्क्यावर दोर बांधायला कडी मिळत नाही. शाळेच्या सुट्टीचा विचार करता जूनचा पहिला पंधरवडा तुम्हाला जमण्यासारखा आहे. वारा असतो पण अडकवून ठेवत नाही. पाणी मात्र अजून गार असते. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाणी ऊबदार आणि गर्दी ओसरलेली असते, पण त्या वेळी दक्षिणेचा वारा येऊ लागतो आणि स्काला व माल्तेझाना ही दोन्ही ठिकाणे दक्षिणेला उघडी आहेत. मेल्तेमीतला आडोसा दक्षिणवाऱ्यात सापळा होतो.

नौका ताब्यात घेताना गाद्या आणि फ्रिज यांवर वेळ घालवू नका. साखळी पूर्ण बाहेर काढून मोजा. ५० मीटरपेक्षा कमी असेल तर जास्त मागा. नांगर उचलणारे यंत्र भार घेऊन चालवून पाहा. मुख्य शीड डोलकाठीत गुंडाळले जाणारे असेल तर ते तीन वेळा आत-बाहेर करा. जुने, पोट सुटलेले शीड नेमके जोराच्या वाऱ्यात अडकते. मुलीच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आणि तिला नौकेला बांधायचा पट्टा आधीच लेखी मागवा. दोन सांगाड्यांच्या कॅटामरानचा मोह होईल, कारण ती डुलत नाही आणि जागा ऐसपैस असते. पण वाऱ्याच्या तोंडावर ती एका सांगाड्याच्या नौकेइतकी चढत नाही, आणि या मार्गाचे पहिले तीन दिवस चढण्याचेच आहेत. अंदाजासाठी ग्रीक हवामान खात्याचे सागरी बुलेटिन आणि पोसायडन ही सागरी अंदाजसेवा रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. संकटात नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओची वाहिनी १६, आणि फोन लागत असेल तर ग्रीक तटरक्षक दलाचा १०८ किंवा युरोपभर चालणारा ११२.

परवान्यांविषयी थोडक्यात. स्किपरशिवाय नौका घेताना ग्रीसमध्ये एक परवानाधारक स्किपर आणि त्याला मदत करू शकणारी दुसरी अनुभवी व्यक्ती लागते. तुमच्यापैकी दोघे असल्यामुळे संख्येची अडचण नाही. पण भारतात मिळालेले प्रमाणपत्र चालेल असे गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी त्याची प्रत कंपनीला पाठवून लेखी होकार मिळवा, कारण प्रश्न उद्भवतो तो नौकेवर चढताना, आणि तेव्हा कराराप्रमाणे पैसे परत मिळत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी चार्टरचा करार आणि खलाशांची यादी जोडावी. नावे पारपत्राप्रमाणे अक्षरशः तशीच हवीत, कारण तीच यादी बंदर पोलीस मागतात.

तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे: जूनमध्ये जाणार असाल तर पहिल्या चार दिवसांसाठी, ऑगस्टचाच हट्ट असेल तर संपूर्ण काळासाठी स्किपर घ्या. त्याचे जेवण तुमच्याकडे असते आणि झोपायला जागा द्यावी लागते, म्हणून तीन केबिनची चाळीस फुटी नौका सहा जणांनी भरली की त्याला जागा उरत नाही. चार केबिनची, पंचेचाळीस फुटांच्या आसपासची नौका पाहा. स्किपर ठरवताना त्याच्या अनुभवाची वर्षे विचारू नका. त्याला विचारा की स्कालात असताना रात्री दक्षिणेचा वारा फिरला तर तो नौका कुठे नेईल. ‘उत्तर किनाऱ्यावरची वाथी, पण अंधार पडण्याआधी’ असे म्हणून त्याने तुमच्या नौकेचा तळ पाण्याखाली किती खोल जातो ते उलट विचारले, तर त्याला घ्या.